परक्या पोरांची आई

मागच्या महिन्यात एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. नाव-गाव छापू नका असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून ते सांगत नाही. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीतला. पूर्वी शाळेतून आला की दप्तर टाकून आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात बडबडत फिरायचा. आता घरात असून नसल्यासारखा. विचारलं तर "काही नाही." जेवायला हाक मारली तर "भूक नाही." वडिलांनी एकदा हात उचलला, तेव्हापासून बापलेकांत बोलणंच बंद. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी मोठ्या मुलांच्या घोळक्यात उभा दिसायचा, ते वेगळंच.

आणि आता एक नवी काळजी. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा दर रविवारी ह्याला आपल्या चर्चच्या आवारात, तिथल्या युवकमंडळात घेऊन जातो. तिथे म्हणे गिटार वाजवतात, व्हॉलीबॉल खेळतात, एकत्र खातात, कधी इस्पितळातल्या रुग्णांना भेटायला जातात. "तिथून आला की तो हसतो हो," ती लिहिते, "पण घरचे म्हणतात, अशानं पोरगं हातचं जाईल. सासूबाईंनी तर अन्न सोडायची धमकी दिलीय. तुम्हीच सांगा, पाठवू की नको?"

पत्र वाचून मी फडताळात ठेवलं, ते चांगले आठ दिवस तिथेच राहिलं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही, पण त्या पत्रानं माझी एक जुनी सल वर आली. तेवढी आधी सांगून टाकते.

मी अर्धवेळ शिकवते. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात भिंतीकडेला बसणारा एक मुलगा होता. दंगा नाही, शंका विचारणं नाही, मार्कही जेमतेम. एके दिवशी हजेरी घेताना माझ्या लक्षात आलं की त्याच्या नावापुढे मी सलग आठ दिवस गैरहजेरीची खूण करतेय, आणि त्या आठ दिवसांत एकदाही मान वर करून त्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलेलं नाही. शेजारी बसणाऱ्या मुलाला विचारलं, तर त्यालाही काही ठाऊक नव्हतं. घरी निरोप पाठवला तेव्हा कळलं, वडील अचानक वारले होते आणि पोरगं एका गॅरेजवर कामाला लागलं होतं. तो पुन्हा शाळेत आला नाही. मी रागावले असते, मारलं असतं, तरी एक वेळ चाललं असतं. पण तो नसल्याचं कुणालाच जाणवलं नाही, हे मला अजून बोचतं.

त्या मुलाची आठवण झाली की मला इटलीतल्या एका खेडवळ बाईची गोष्ट आठवते. आजच्या पत्राचं उत्तरही त्या गोष्टीतच आहे, म्हणून जरा निवांत सांगते.

मुंबईच्या मैत्रिणींना माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा ठाऊक असेल. हा 'डॉन' आपल्या सिनेमातला नव्हे बरं का! इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी आदरानं 'डॉन' लावतात. हे डॉन बॉस्को म्हणजे जुवान्नी बॉस्को. १८१५ साली उत्तर इटलीत, तुरीन शहराजवळच्या एका वाडीत शेतकऱ्याच्या घरी जन्मले. पोर दोन वर्षांचं व्हायच्या आतच बाप न्यूमोनियानं गेला. आई मार्गेरिता तेव्हा एकोणतीस वर्षांची. पदरी दोन लहान मुलगे, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा नऊ वर्षांचा मुलगा, आणि घरात म्हातारी सासू. त्यात ते दुष्काळाचं वर्ष. एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं, पण मुलांना दुसऱ्याच्या हवाली करावं लागलं असतं, म्हणून तिनं नकार दिला. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत मात्र पुरुषासारखं राबवायची.

धाकट्या जुवान्नीला शिकायची भारी हौस, आणि सावत्र भावाला पुस्तक दिसलं की तिडीक उठायची. रोजची भांडणं. शेवटी १८२८ च्या कडाक्याच्या थंडीत आईनं बारा वर्षांच्या ह्या लेकराच्या हाती कपड्यांचं गाठोडं दिलं आणि त्याला दूरच्या एका शेतावर गडी म्हणून कामाला धाडलं. घरात एकाचा जीव जाईल की काय, अशी भीती तिला वाटली असावी. जवळजवळ दोन वर्षं पोरगं तिथे गुरं राखत होतं. तेव्हा घर असून बेघर होणं म्हणजे काय, हे डॉन बॉस्कोंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढे तो शिकला. कधी शिंप्याकडे, कधी सुताराकडे, कधी कॉफीच्या दुकानात काम करत शिकला. शाळेत असतानाच त्यानं मित्रांचं एक मंडळ काढलं. त्याचं नाव 'आनंदमंडळ' अशा अर्थाचं होतं. नियम मोजकेच : ख्रिस्ती माणसाला न शोभेल असं वागायचं नाही, आपलं काम चोख करायचं, आणि आनंदात राहायचं. डोंबारी येत ते पाहून तो दोरीवर चालायला, हातचलाखी करायला शिकला होता. खेळ दाखवून पोरं जमवायची आणि मग त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणायची, ही त्याची लहानपणापासूनची रीत.

१८४१ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि तुरीनमध्ये आला. शहर वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या. आजूबाजूच्या खेड्यांतून बारा-पंधरा वर्षांची पोरं गवंड्याच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, पडेल ते काम करायला शहरात येत. आपल्याकडे बांधकामावर आणि हॉटेलांत अशी पोरं दिसतातच की! ना आई-बाप जवळ, ना शाळा, ना रविवारी जायला जागा. डॉन बॉस्को तुरुंगात कैद्यांना भेटायला जात. तिथे त्यांना दिसलं की कोवळी मुलं सुटून जातात आणि थोड्याच दिवसांत परत आत येतात. कारण काय, तर बाहेर त्यांची वाट पाहणारं कुणीच नसतं. बाहेर एक जरी आपुलकीचं माणूस असतं तर हे पोर परत आलं असतं का, हा प्रश्न त्यांना छळायला लागला.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला एक प्रसंग घडला. एक सोळा वर्षांचा गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा थंडीचा चर्चच्या आतल्या खोलीत शिरला होता. सेवेकऱ्यानं त्याला मिस्सेच्या वेळी हाताखाली मदत करायला सांगितलं. त्याला ते येत नव्हतं. झालं, सेवेकऱ्यानं त्याला झोडपून बाहेर काढलं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं आणि सेवेकऱ्याला सुनावलं की हा माझा मित्र आहे. मग त्या मुलाची चौकशी केली. आई नाही, बाप नाही, लिहिता येत नाही, वाचता येत नाही. असं सांगतात की शेवटी त्यांनी विचारलं, शीळ तरी घालता येते का? तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा हसला. पुढच्या रविवारी तो आला, तो आणखी दोस्तांना घेऊन. पुढे ह्या मंडळाला नाव पडलं 'ओरातोरियो', म्हणजे प्रार्थनेची जागा. प्रत्यक्षात तिथे प्रार्थना, अक्षरओळख, गाणी, धावाधाव आणि आरडाओरडा, सगळंच असे.

आणि आरडाओरडा म्हटला की शेजारी आलेच! पोरं शंभरावर गेली. त्यांना कुणी ठेवून घेईना. दवाखान्याच्या आवारातून निघाले, कबरस्तानाजवळच्या देवळीतून निघाले, पिठाच्या गिरण्यांजवळून निघाले, एका उघड्या शेतातूनसुद्धा हाकलले गेले. शेवटी १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को नावाच्या गावाबाहेरच्या वस्तीत एक ठेंगणी शेड भाड्यानं मिळाली. छप्पर इतकं खाली, की नीट उभं राहता यावं म्हणून आतली जमीन खोदून खाली घ्यावी लागली.

त्याच उन्हाळ्यात डॉन बॉस्को मरणाच्या दारात जाऊन आले. दिवसभर विटा वाहणारी पोरं आळीपाळीनं चर्चमध्ये जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती, उपास करत होती. ज्यांचं स्वतःचं कुणी नव्हतं, त्यांना आता गमवायला कुणीतरी होतं. मैत्रिणींनो, मला वाटतं, मंडळ खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते ह्या दिवसांत.

बरे होऊन ते गावी गेले आणि आईला म्हणाले, माझ्याबरोबर चल. मार्गेरिता तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. थोरल्याच्या संसारात नातवंडांमध्ये सुखात होती. ह्या वयात आपण तरी जागा बदलू का, सांगा बरं! पण ती निघाली. ३ नोव्हेंबर १८४६ रोजी मायलेक पायी तुरीनला पोचले. घरात काही म्हणजे काही नव्हतं. पुढे पैशांची ओढ लागली तेव्हा तिनं लग्नातले कपडे आणि जपून ठेवलेले चार दागिने काढून दिले. आपल्या पेटीच्या तळाशी जपलेला शालू आठवा, म्हणजे ह्याचा अर्थ कळेल.

ती आल्यावर ह्या मंडळाला चूल मिळाली. मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाची घट्ट उकड ढवळायची. तिला तिकडे पोलेंता म्हणतात. पोरं वाडगं भरून घेत आणि पायरीवर, दगडावर, जागा मिळेल तिथे बसून खात. रात्री सगळे झोपले की ती फाटक्या विजारी शिवत बसे. अंगणाच्या कोपऱ्यात तिनं भाजीचे वाफे केले. सगळी पोरं तिला 'मम्मा' म्हणायची.

सगळंच गोड झालं, असं मात्र समजू नका. सुरुवातीला काही भटक्या पोरांना त्यांनी माळ्यावर गवतात झोपायला जागा दिली. सकाळी बघतात तर पोरंही नाहीत आणि पांघरुणंही नाहीत! त्यानंतर १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री एक पंधरा वर्षांचा मुलगा दार वाजवत आला. नखशिखांत भिजलेला, कामाच्या शोधात डोंगराळ मुलखातून आलेला, खिसा रिकामा, आई-बाप नाहीत. मार्गेरितानं त्याला चुलीपाशी बसवलं, सूप आणि पाव दिला. मग प्रश्न पडला, झोपवायचं कुठे? स्वयंपाकघरातच. पण हाही भांडी घेऊन पळाला तर? ही शंका तिलाही आली, ती देवी नव्हती, तुमच्या-माझ्यासारखी बाईच होती. तरी विटांवर फळ्या टाकून, वर गादी घालून खाट केली. झोपण्यापूर्वी त्या पोराजवळ बसून तिनं चार शब्द सांगितले : काम कर, विश्वासानं वाग, देवाला विसरू नकोस. मग बाहेर जाऊन, सावधगिरी म्हणून, दाराला कुलूप घातलं.

मला ह्या गोष्टीतलं हे कुलूप फार आवडतं. भीती असूनही तिनं त्याला घरात घेतलं. भीती जायची वाट पाहत बसली असती, तर पोरगं रात्रभर पावसात राहिलं असतं. सकाळी मुलगाही होता आणि भांडीही होती. तो मुलगा हिवाळ्यापर्यंत त्यांच्याकडे राहिला, मग आपल्या गावी गेला. त्याचं नाव मागे राहिलेलं नाही. पण तिनं सांगितलेल्या त्या चार शब्दांची प्रथा राहिली. डॉन बॉस्कोंच्या संस्थांतून रात्री मुलांशी दोन मिनिटं प्रेमानं बोलायचा जो शिरस्ता आहे, त्याला 'शुभरात्री' असंच म्हणतात, आणि त्याचं मूळ त्या स्वयंपाकघरात सांगतात.

१८५० च्या सुमारास मात्र तिचा धीर सुटला. पोरांनी लढाई-लढाई खेळताना तिचे भाजीचे वाफे पार तुडवून टाकले. वाळत घातलेले कपडे मातीत, भांडी कुठल्या कुठे, विजारी पुन्हा फाटलेल्या. ती मुलाला म्हणाली, मी म्हातारी झाले, मला गावी जाऊ दे. त्यांनी काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भरून आले. ती उठली आणि कामाला लागली. पुन्हा जायचं नाव तिनं काढलं नाही.

चरित्रांतून ह्या प्रसंगाचं मोठं कौतुक असतं. मला खरं सांगायचं तर इथे डॉन बॉस्कोंचा थोडा रागच येतो. क्रुसाकडे बोट दाखवलंत ते ठीक, पण त्या दिवशी दोन पोरांच्या हाती सुईदोरा का नाही दिलात? आपल्याकडेही कुठलंही मंडळ, कुठलाही उत्सव बघा, पुढे भाषणं चाललेली आणि मागे चार बायका घामाघूम. म्हणून सांगते, मुलांसाठी काही करायचं तर वाटून करा. एका बाईच्या कमरेवर मंडळ उभं करू नका.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. आजाऱ्यांजवळ जायला माणूस मिळेना. डॉन बॉस्कोंनी मुलांना विचारलं. आधी चौदा जण पुढे आले, मागून आणखी तीस. पोरं घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करत होती. चादरी कमी पडल्या की धावत मम्माकडे येत. तिनं घरातलं सगळं कापड दिलं, शेवटी वेदीवरचं वस्त्रसुद्धा दिलं. त्या मुलांपैकी कुणालाही रोग झाला नाही, असं नोंदवलेलं आहे. ज्या पोरांना लोक उनाड म्हणून हाकलत होते, त्यांचीच आता गावाला गरज लागली. गरज लागणं ही काय चीज असते, ते त्या वयाच्या मुलाला विचारा!

नोव्हेंबर १८५६ मध्ये मार्गेरिता न्यूमोनियानं गेली. दहा वर्षं तिनं परक्या पोरांचा संसार केला. पुढे १८५९ मध्ये डॉन बॉस्कोंनी सालेशियन संघ स्थापन केला. आज तो १३० हून अधिक देशांत आहे. भारतात ते १९०६ साली तंजावरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईत. वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी त्यांचं 'शेल्टर' आहे, तेही १९८७ पासून.

मुली कुठे गेल्या, असं तुम्ही विचारणारच. मोर्नेझे नावाच्या गावात मारिया माझ्झारेल्लो नावाची शेतकऱ्याची मुलगी होती. १८६० मध्ये आजारी नातेवाइकांची सेवा करताना तिला विषमज्वर झाला. जीव वाचला, पण शेतात राबायची ताकद गेली. तेव्हा ती मैत्रिणीला घेऊन शिवण शिकली आणि गावातल्या मुलींना शिकवू लागली. शिवणवर्गाबरोबर रविवारी खेळ आणि गाणी आली, अनाथ मुली राहायला आल्या. १८७२ साली डॉन बॉस्कोंच्या साहाय्यानं त्यातून भगिनींचा संघ उभा राहिला. वडाळ्याची ऑक्झिलियम शाळा ह्याच भगिनींची. शिवणाचं मशीन घरी असलेल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं!

असे प्रयत्न एकाच पंथात झाले असंही नाही. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स ह्या बावीस वर्षांच्या, खेड्यातून कापडदुकानात नोकरीला आलेल्या तरुणानं आपल्यासारख्याच एकट्या पोरांना जमवून मंडळ काढलं. तेच आजचं वायएमसीए. बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेत ह्याच संस्थेच्या शिक्षकांनी शोधून काढला. म्हणजे आपली पोरं गावाच्या मैदानावर संध्याकाळी जाळी बांधून जो खेळ खेळतात, तोसुद्धा युवकांना एकत्र बांधायच्या खटपटीतूनच आला.

आता पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्याकडे वळते.

तुमचा मुलगा तिथून हसत येतो, ते कशामुळे? तिथे गेल्यावर कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. त्याच्याकडे काहीतरी काम असतं, मग ते जाळी बांधायचं का असेना. एखाद्या रविवारी तो गेला नाही, तर "काल का आला नाहीस रे?" असं विचारणारं तिथे कुणी आहे. पानटपरीवरही त्याला हेच मिळत होतं, एवढं ध्यानात घ्या. ह्या वयाच्या मुलाला कुणाचं तरी व्हायचंच असतं. चांगल्या ठिकाणी जागा मिळाली नाही, तर तो वाईट ठिकाणी मिळवील.

आता धर्माचं. उगाच गोड बोलून मी ते झाकणार नाही. डॉन बॉस्को धर्मगुरू होते. मुलांना देवाकडे वळवणं हा त्यांचा हेतूच होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. चर्चच्या युवकमंडळात प्रार्थना असणारच, जशी आपल्या भजनी मंडळात आरती असते. तेव्हा आंधळेपणानं पाठवू नका आणि आंधळेपणानं बंदीही घालू नका. आधी स्वतः जाऊन या. एका रविवारी डबाभर चिवडा घेऊन, त्या शेजारणीलाच बरोबर घेऊन जा. आणि चार गोष्टी डोळ्यांनी बघा.

पहिली, आई-बापांना तिथे उघडपणे येता येतं का? दुसरी, मुलांना घरापासून काही लपवायला सांगतात का? तसं एकदा जरी कळलं तरी मुलाला तिथून काढा, मग ते मंडळ कुठल्याही धर्माचं असो. तिसरी, तिथलं मोठं माणूस कसं आहे? मुलांशी सर्वांदेखत वागतं, की एकेकाला एकांतात बोलावतं? पैशांचा हिशोब उघडा आहे का? चौथी, प्रार्थनेला बसायचं नसेल त्या मुलाला खेळू देतात का, की त्याला भीती घालतात, शरमिंदं करतात? धर्म बदल, असं कुणी सुचवलं, तर अजून तुझं वय नाही, हे मुलाला आणि त्यांना दोघांना स्पष्ट सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. ह्या चारही गोष्टी ठीक असतील, तर माझं मत विचाराल तर जाऊ द्या त्याला. सासूबाईंना म्हणावं, पोरगं हातचं जायला लागलं होतं ते टपरीवर.

आणि ताई, ह्यापुढचं जरा कठीण आहे. तो तिथे जे शोधतोय, त्यातलं थोडं घरातही मिळू द्या. त्याच्या मित्रांना घरी यायला सांगा, शेजारच्या त्या ख्रिस्ती मुलालाही. सतरंजी चुरगळेल, पोहे दुप्पट करावे लागतील. करा. त्याच्यावाचून अडेल असं घरातलं एखादं काम त्याच्याकडे द्या : गॅसचा नंबर लावणं, आजीची औषधं आणणं, काहीही. झालं की शाबासकी द्या, चुकलं तर लगेच हातातून काढून घेऊ नका. आणि रात्री दिवा मालवताना दोन मिनिटं त्याच्या खाटेजवळ बसा. अभ्यासाचा विषय काढू नका. तो बोलला नाही तरी बसा. मार्गेरिताला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एवढं तिला येत होतं.

मुलाच्या वडिलांनाही हे पत्र वाचायला द्या. हात उचलल्याचं त्यांनाही मनातून वाईट वाटत असेल. बापाला आधी बोलायचं जड जातं, तेव्हा एखाद्या रविवारी त्यांनाच मैदानापर्यंत मुलाला सोडायला पाठवा. वाटेत कुणी काही बोललं नाही तरी चालेल.

बाकीच्या मैत्रिणींनाही एक विनंती. आपापल्या आळीत बघा, असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच, जी चार दिवस दिसली नाही तर कुणाच्या लक्षात येणार नाही. त्यांना नावानं हाक मारा. तुमच्या गावात मुलांचं एखादं चांगलं मंडळ चालत असेल, मग ते चर्चचं असो, देवळाचं, वाचनालयाचं नाहीतर तालमीचं, तर ते कसं चालतं, खर्च कोण करतं, स्वयंपाक कोण करतं, हे मला जरूर लिहून कळवा.

मी अजून हजेरी घेते. आता मात्र नाव पुकारलं की आधी बाकाकडे बघते आणि मगच खूण करते. तास त्यामुळे पाच मिनिटं उशिरा सुरू होतो. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही, पण मी सवय बदललेली नाही.